वॉर्डातले जुगाड आणि त्यातून झालेले घोळ : अनुभव लिहा

सुरंगी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी स्टाफ नर्स, १७ वर्षं सरकारी नोकरी, सगळी तळकोकणात. आमच्या लाईनमध्ये ज्या सिस्टरला जुगाड जमत नाही तिची नाईट ड्युटी निभत नाही. शीर फुगवायला दंडाला बांधायची पट्टी (टूर्निके) नाही, हातमोजा बांधा. व्ह्यू बॉक्स बंद, एक्सरे खिडकीला धरा. बीपीचा कफ सुटतोय, चिकटपट्टी मारा. नवीन मुलींना आम्ही हे कौतुकाने शिकवतो.

२०१९ च्या जुलैमधली गोष्ट. पाऊस असा की घाट बंद, पुरवठ्याची गाडी आठवडाभर आलेली नाही. इन्सुलिनची व्हायल म्हणजे कुपी संपली, स्टोअरला मागणीचा कागद (इंडेंट) टाकला, उत्तर नेहमीचं, स्टॉक निल. मेल वॉर्डात एक काका होते, शुगर ४०० च्या वर, पायाला जखम. मुलगा बिचारा बाजारपेठेत भिजत फिरून इन्सुलिन घेऊन आला, पण ती निघाली इन्सुलिनच्या पेनात घालायची कार्ट्रिज, आणि पेन काय मेडिकलवाल्याकडे नव्हतं.

आता इथे जरा हिशेब आहे, कंटाळू नका. आपल्याकडची साधी व्हायल ४० ची असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, तिची सिरिंज लाल टोपीची. कार्ट्रिज १०० ची, तिला केशरी टोपीची सिरिंज लागते आणि ती आमच्या स्टोअरला मी कधी बघितलेली नाही. तर मी कागदावर मांडलं. २० युनिट द्यायचेत, १०० च्या औषधात ते होतात ०.२ मिली, लाल टोपीच्या सिरिंजवर ते येतात ८ च्या रेघेवर. एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांना दाखवलं, ते म्हणाले बरोबर आहे सिस्टर, चालू द्या. तीन दिवस चाललं, शुगर छान उतरली, राउंडला माझं कौतुक पण झालं.

चौथ्या रात्री ड्युटीला ब्रदर होता, कंत्राटी, लागून दोन महिने झालेले. केसपेपरवर काय लिहिलेलं, इन्सुलिन २० युनिट. त्याने लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, कुणीही तेच केलं असतं. ती झाली अर्धी मिली, म्हणजे ५० युनिट. पहाटे काका घामाने डबडबलेले, हाक मारली तर ओ नाही, ग्लुकोमीटरवर ३८. शिरेतून साखरेचं पाणी (डी-२५) दिलं, परत दिलं, मग डोळे उघडले. वाचले.

८ ची रेघ माझ्या डोक्यात होती आणि पुढच्या पाळीला ओव्हर देताना तोंडी सांगितलेली, बस. केसपेपरवर नाही, रिपोर्ट बुकात नाही, कार्ट्रिजवर चिठ्ठी नाही. आणि नंतर रजिस्टरला काय लागलं तर 'हायपोग्लायसेमिया, उपचार केले, पेशंट स्टेबल'.

तुमच्याकडचे असे किस्से लिहा. नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, पेशंट, नातेवाईक, सगळ्यांनी. दवाखान्याचं नाव कृपया नको.

तिरफळ
बाप रे. वाचता वाचता उठून बाबांच्या सिरिंजची टोपी बघून आले. केशरी आहे. मागे पेन बिघडलं तेव्हा आईने दोन दिवस कार्ट्रिजमधूनच सिरिंजने काढून दिलेलं, ते चुकलं का?

सुरंगी
तिरफळ, केशरी टोपी आणि १०० ची कार्ट्रिज म्हणजे रेघा जुळतात, मापात गडबड झाली नसणार. पण कार्ट्रिजमध्ये सुई घालून काढत जाऊ नका, आत हवा शिरते, मग तीच कार्ट्रिज परत पेनात घातली की डोस कमी जातो. केशरी सिरिंजचं पाकीट आणि लाल सिरिंजचं पाकीट एका डब्यात तर अजिबात ठेवू नका.

शेवंड
गेल्या वर्सा आवशीक ताप इलो म्हणान दवाखान्यात नेलंय. सलाईनचो स्टँड एकच, तेचा पण चाक मोडलेला. मामान बाटली खिडकेच्या गजाक सुतळेन बांधल्यान. थेंब काय पडना. मगे सिस्टर इली, एक सुई काढल्यान आणि बाटलेच्या बुडाक टोचल्यान, टप टप टप सुरू! माका वाटला काय हुशार बाई, घराक येवन सगळ्यांका सांगलंय. ह्या पण घोळात बसता काय?

निशिगंध
शेवंडभाऊ, बसतं. मी स्वतः शंभरदा केलंय म्हणून सांगते. बाटली कडक प्लास्टिकची असली की ती आकसत नाही, पाणी खाली जातं तशी आत पोकळी होते आणि थेंब थांबतो. सुई टोचली की हवा शिरते, थेंब चालू. म्हणजे जुगाडामागचं शास्त्र एकदम बरोबर. पण ती हवा कुठली, तर वॉर्डातली, वर पंखा, शेजारी ओली भिंत, जुलै महिन्यात त्या भिंतीवर काय काय उगवलेलं असतं ते तुम्ही बघितलंच असेल. ती सगळी गाळणीशिवाय सलाईनमध्ये आणि सलाईन थेट शिरेत. मग दुसऱ्या दिवशी पेशंटला थंडी वाजून ताप आला की आम्ही म्हणणार 'सलाईनची रिॲक्शन'. हवेची सोय आणि फिल्टर असलेला सेट मिळतो, तो लावला की सुई लागत नाही. मऊ पिशवीला तर काहीच लागत नाही, ती आपोआप चपटी होत जाते.

दुसरा एक सांगते. सकाळच्या पाळीचं ओझं कमी व्हावं म्हणून नाईटवाली सिरिंजा भरून किडनी ट्रेमध्ये मांडून ठेवते. नाव नाही, ट्रेमध्ये जागेवरून ओळखायचं, डावीकडची अँटिबायोटिक, मधली ॲसिडिटीची पॅन्टोप, उजवीकडची अमुक. कुणीतरी ट्रे फिरवला की संपलं. त्यात एखादी पोटॅशियमची असली आणि ती पातळ न करता भस्सकन शिरेत गेली तर हृदय थांबतं. नुसती चिकटपट्टी लावून पेनने नाव लिहायचं काम आहे, अर्धं मिनिट. पण तीस पेशंटला दोन सिस्टर असतात तेव्हा ते अर्धं मिनिट सापडत नाही.

जुना एमओ
सुरंगीताई, प्रामाणिकपणे लिहिलंत. माझा अनुभव लशींचा.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. मी तेव्हा उत्तर रत्नागिरीतल्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) होतो. विजेचे खांब काडीसारखे आडवे, माड आडवे, मोबाईलला रेंज नाही, त्यात कोविड. जनरेटर होता पण डिझेल किती पुरणार. आयएलआरमध्ये, म्हणजे लशींच्या खास फ्रीजमध्ये, लशी. आयएलआर तसा चिवट असतो, दिवसातून ८ तास वीज मिळाली आणि झाकण सारखं उघडलं नाही तर आत २ ते ८ अंश धरून ठेवतो. पण इथे ८ मिनिटं वीज नाही. तेव्हा एका सहकाऱ्याला कल्पना सुचली की बंदरावर मासळीवाल्यांचा मोठा फ्रीझर आहे, त्यांचा स्वतःचा दणकट जनरेटर आहे, मालक ओळखीचे, लशी तिथे नेऊन ठेवू. सगळे म्हणाले वा, काय डोकं चाललंय. मीसुद्धा. डबे गाडीत चढवायला घेतले.

अडवलं कुणी, तर आमच्या कोल्ड चेन बघणाऱ्या आरोग्य सेवकाने. म्हणाला सर, गोठल्या की मेल्या. आणि शंभर टक्के खरं होतं. पेंटा, हेपॅटायटिस बी, टीडी ह्या लशी एकदा गोठल्या की कामातून जातात, परत वितळवून उपयोग नाही. थंड चांगलं म्हणजे जास्त थंड जास्त चांगलं हा नियम बांगड्याला लागू, लशीला नाही. आणि त्यातली गोम अशी की कुपीवरचा तो व्हीव्हीएमचा, म्हणजे लस तापली की रंग बदलणारा, चौकोन असतो ना, तो फक्त उष्णता दाखवतो, गोठून गेलेली लस त्याच्यावर छान पांढरा चौकोन घेऊन बसलेली असते. तुम्ही बिनधास्त टोचणार, पोराला सुई लागणार, कार्डावर शिक्का पडणार आणि संरक्षण शून्य. कुणाला कधीच कळणार नाही. शेक टेस्ट केली तर कळतं, मुद्दाम गोठवून वितळवलेली एक कुपी आणि संशयातली कुपी बरोबर हलवून ठेवायची आणि साका कुठल्यात लवकर बसतो ते बघायचं. पण त्यासाठी आधी संशय तर यायला पाहिजे.

शेवटी केलं ते असं: फ्रीझर वापरला, पण फक्त आईसपॅक गोठवायला. ते आणून बाहेर ठेवायचे, हलवल्यावर आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला की मगच कोल्ड बॉक्समध्ये लावायचे, मध्ये थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत. वही अजून आठवते, पानं दमटाने फुगलेली. हा पण जुगाडच, पण त्या सेवकाला नियमामागचं कारण माहीत होतं म्हणून नीट झाला. त्याचं नाव कुठल्या अहवालात नाही.

आगोट
+१ जुना एमओ. बांगड्याला लागू 😀

खाडीकाठ
मी सर्जन, छोटं खाजगी रुग्णालय. मला हा धागा थोडा एकतर्फी वाटतोय. जुगाड म्हणजे घाण, असा सूर लागायला नको. खुद्द कोकणातलं उदाहरण घ्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. बिरवाडीच्या पीएचसीत लाल विंचू चावलेले पेशंट डोळ्यांदेखत जायचे, आयसीयू कुठलं, तिथे त्यांनी रक्तदाबाची गोळी, प्राझोसिन, विंचवासाठी वापरून दाखवली. आज विंचू चावला की कोकणातला कुठलाही डॉक्टर आधी तीच गोळी देतो. दुसरं, दोंडाईचाचे डॉ. टोणगावकर, हर्नियाच्या ऑपरेशनला महागडी जाळी परवडत नाही म्हणून मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. हसले लोक. २०१६ मध्ये युगांडातल्या ३०० वर पेशंटचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलला आला, मच्छरदाणीची जाळी वर्षभरानंतर महागड्या जाळीच्या तोडीस तोड. तिसरं, ढाक्याला न्यूमोनियाच्या पोरांना शाम्पूच्या बाटलीतून बुडबुडे काढून सीपॅप (श्वासाला सतत हलका दाब) दिला, २०१५ ला लॅन्सेटमध्ये आलं, नेहमीच्या कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवर १५ टक्के पोरं गेली, बुडबुडेवाल्यांत ४ टक्के. नियमच धरून बसलो असतो तर यातलं काय झालं असतं?

निशिगंध
खाडीकाठ सर, उदाहरणं तिन्ही आवडली. पण बावस्कर सरांनी पेशंटच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि जगासमोर मांडल्या. मच्छरदाणीचं पण तसंच, मोजलं, छापलं, दुसऱ्यांनी तपासलं. आमच्या वॉर्डातली सुई बाटलीच्या बुडात कुणी मोजली? आमचा जुगाड पाळी संपली की पुसून टाकतात, इन्चार्ज येण्याआधी.

जुना एमओ
खाडीकाठ, ढाक्याच्या गोष्टीला शेपूट आहे बरं का. बबल सीपॅपचाच प्रयोग मलावीत एका जिल्हा रुग्णालयात झाला, २०१९ ला छापला, तिथे सीपॅपवाली पोरं जास्त गेली, १७ टक्के, साध्या ऑक्सिजनवर ११. ढाक्याला डॉक्टर उशाशी होते, मलावीत रोजची डॉक्टरांची देखरेख नव्हती. म्हणजे बाटली उचलून आणता येते, उशाशी बसलेला माणूस आणता येत नाही.

खाडीकाठ
हे माहीत नव्हतं. मान्य. तरी रात्री दोन वाजता रक्तस्राव होणारी बाई समोर असते तेव्हा मी छापील पुराव्याची वाट बघत नाही, एवढंच.

स्पष्टवक्ता
काय चाललंय हे? पगार सरकारचा घ्यायचा आणि लोकांच्या जिवावर प्रयोग करायचे आणि वर इथे येऊन कौतुक. ५० युनिट दिले आणि रजिस्टरला 'पेशंट स्टेबल'? त्या काकांच्या मुलाला सांगितलंत का?

सुरंगी
नाही सांगितलं. 'साखर उतरली होती, आता बरे आहेत' असं सांगितलं. तो पाया पडायला लागला माझ्या. हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

चाकरमानी
मूळ चिपळूणचा, आता ठाण्यात, हॉस्पिटलची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत. स्पष्टवक्ता, राग समजतो पण हे फक्त सरकारी नाही आणि फक्त भारतातलं पण नाही. अमेरिकेत पेशंटच्या मनगटावर बारकोड असतो, औषध देण्याआधी तो स्कॅन करायचा, चूक होऊच नये म्हणून. २००८ मध्ये कॉपेल आणि मंडळींनी पाच हॉस्पिटलांत बघितलं तर सिस्टर लोकांनी हे टाळायचे १५ प्रकारचे जुगाड काढलेले आणि त्यांची ३१ कारणं सापडली. पट्टीच्या जादा कॉपी छापून जवळ ठेवायच्या, ट्रॉलीला चिकटवायच्या, दाराच्या चौकटीला लावायच्या आणि तिथूनच स्कॅन. कारणं काय तर पट्टी ओली झाली, वाचत नाही, बॅटरी संपली, वायफाय नाही, पेशंट झोपलाय.

आता आमचं ऐका. आम्ही एका हॉस्पिटलला सिस्टीम दिली, प्रत्येक सिस्टरला वेगळा लॉगिन, दहा मिनिटांनी आपोआप बंद. दोन महिन्यांनी गेलो तर सगळा मजला एकाच सिस्टरच्या लॉगिनवर, पासवर्ड मॉनिटरला चिकटपट्टीने लावलेला, त्या बाई रजेवर. कागदोपत्री एकच बाई चोवीस तास, एकाच वेळी तीन वॉर्डात औषधं देत होती, अष्टभुजा देवी. मी तावातावाने मीटिंगमध्ये बोललो. मग एका मावशींनी मला म्हटलं, दादा, उभं राहून दाखवतो का एक दिवस. राहिलो. परत लॉगिन व्हायला ४० सेकंद लागत होते आणि एका पाळीत ते सत्तरेक वेळा करावं लागत होतं. चूक माझी होती, चिकटपट्टी त्यांची. दुसऱ्या महिन्यात कार्ड टेकवलं की उघडेल असं करून दिलं, चिकटपट्टी आपोआप गेली, कुणाला मेमो द्यायला लागला नाही.

आंबोळी
मी एएनएम (गावची आरोग्य सेविका), उपकेंद्र. बारकोड वगैरे आमच्याकडे नाय हो 😅 आमचा किस्सा छोटा. बाळ थंड पडतंय, वॉर्मरचा बल्ब गेलेला, म्हणून हातमोज्यात गरम पाणी भरून बाळाच्या बाजूला ठेवायचे, आम्हाला सिनियरनीच शिकवलेलं. एका बाळाला मांडीला भाजलं, फोड आला. नवजात बाळाची कातडी म्हणजे शहाळ्यातली मलई, आपल्या हाताला कोमट लागतं ते तिला चटका. तेव्हापासून मोजा बंद, बाळ सरळ आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग, वरून चादर. नंतर ट्रेनिंगला कळलं ते कांगारू केअर पण जुगाडातूनच आलंय, १९७८ ला कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून डॉक्टरांनी सुरू केलं. आता इनक्युबेटर असले तरी तेच करायला सांगतात.

तिरफळ
शहाळ्यातली मलई... अंगावर काटा आला.

करवंद
नर्सिंग कॉलेजला शिकवते. टकर आणि एडमंडसन यांचा एक जुना पेपर आहे २००३ चा, मुलींना दरवर्षी सांगते. नऊ हॉस्पिटलांत २६ नर्सेसच्या मागे फिरून त्यांनी बघितलं, वस्तू नसली, औषध नसलं की त्या काय करतात. बहुतेक वेळा शेजारच्या वॉर्डातून आणतात, काम उरकतात, पुढे जातात. का नव्हतं हे विचारायला कुणी वर जात नाही, उद्या परत नसतंच. आणि त्या आळशी नव्हत्या, उलट चांगल्या नर्सेस होत्या, हातचं अडू न देणाऱ्या. माझ्या मुली हे ऐकून हसतात, म्हणतात मॅडम, वर जाऊन विचारलं की तुम्हीच जास्त शहाण्या म्हणतात. मला उत्तर देता येत नाही.

जुना एमओ
येतं थोडंफार. सुरंगीताईंच्या गोष्टीत केशरी सिरिंज एका पाकिटापुरती रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक बाजारातून घेता आली असती, त्यासाठी कुणीतरी एमओच्या टेबलावर कागद ठेवायला हवा होता. पण कागद तेव्हाच ठेवला जातो जेव्हा अडतं. ८ च्या रेघेने अडलंच नाही. आणि खरं सांगू, ज्या सरांनी 'बरोबर आहे, चालू द्या' म्हटलं त्यांनीच केसपेपरवर एक ओळ लिहायला हवी होती. मी असतो तर लिहिली असती का? राउंड घाईत असतो. माहीत नाही.

शेवंड
आता आवशीक परत सलाईन लावल्यानी तेवा मिया सिस्टरीक इचारलंय, सुई नको, दुसरो सेट मेळात काय? तिना माझ्याकडे असा बघल्यान की मिया भायर जावन बसलंय. पण सेट बदलल्यान हां.

स्पष्टवक्ता
सुरंगीताई, मघाशी जरा जास्तच बोललो. एक विचारायचं राहिलं. त्या ब्रदरचं पुढे काय झालं? सगळे सिरिंजवर बोलतायत, त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही.

निशिगंध
हो, मलाही विचारायचं होतं.

सुरंगी
दोन दिवस उत्तर द्यायचं टाळत होते.

त्याला मेमो मिळाला, 'डोस देण्यात हलगर्जी'. तोंडी चौकशी झाली, त्याने सांगितलं केसपेपरवर २० लिहिलेलं, मी २० भरले. कुणी विचारलं नाही की कार्ट्रिज कुठून आली आणि आधीचे तीन दिवस कसं देत होता. मी त्याच खोलीत होते, स्टूलावर, सहा हात लांब. माझ्याकडे बघितलं त्याने एकदा. मी म्हटलं नाही काही. मार्चमध्ये त्याचं कंत्राट वाढवलं नाही. गोव्यात बांबोळीकडे कुठेतरी लागला असं कुणीतरी सांगितलं, नंबर मात्र माझ्याकडे तेव्हापासूनचा आहे.

काल रात्री त्याला हा धागा पाठवला. वर एवढंच लिहिलं, पहिली पोस्ट माझी आहे, वाच. निळी टिक आलीय. अजून उत्तर नाही.